उशिरा उघडणारा दरवाजा

पोटभर गोड खाल्लं आणि थोड्या वेळानं अंगातली साखर कमी पडली! असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. मृणालही एरवी हसली असती. पण हे कोडं तिला पडलं तेव्हा ती चाचणी-केंद्राच्या पायरीवर बसून रडत होती. तोंडात गुळाचा खडा होता, त्यामुळे धड रडताही येत नव्हतं.

तिचं काय हुकलं होतं ते आधी सांगतो, म्हणजे तुम्हीही तिच्याबरोबर हळहळाल.

सोनकडा कालव्यावर दरवर्षी रब्बीचं पाणी सुटलं की एक आकाशनौका (हलक्या वायूनं भरलेलं, पंख्यांवर चालणारं उडतं जहाज) धरणापासून शेवटच्या गावापर्यंत कालव्याच्या वरून जायची. तिचं नाव टिटवी. कालवा कुठे फुटलाय, कुठे गाळ भरलाय ते टिटवी वरून टिपून घ्यायची. आणि काठावरच्या प्रत्येक गावातलं एक मूल तिच्यात बसायचं. पुढे कालवा सांभाळायचा तो या मुलांनीच, म्हणून आपापल्या गावावरून जाताना सुकाणू त्यांच्या हाती दिलं जायचं. जागा एकच असल्यानं त्यासाठी चाचणी होई.

मृणालला ती जागा हवी होती, आणि ती मिरवण्यासाठी नव्हे. या कालव्याचे आपोआप उघडणारे-मिटणारे दरवाजे ज्यांनी बनवले ते मंदार पाटणे तिचे आजोबा. त्यांनी सगळा कालवा पायी पालथा घातला होता. वरून मात्र तो कधीच पाहिला नव्हता. टिटवी उडायला लागली तोवर मधुमेहानं त्यांचे डोळे गेले होते. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या होत्या. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच त्यांना कळायचं.

"मी वरून बघून येते आणि सगळं तुम्हाला सांगते," असं मृणालनं त्यांना वचन दिलं होतं. आजोबांनी ते वचन अख्ख्या वसाहतीला ऐकवलं होतं, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच झाली.

कालवा वसाहतीतली माणसं प्रेमळ, आणि प्रेम करायचं म्हणजे खायला घालायचं हे त्यांचं पक्कं ठरलेलं. चाचणीच्या सकाळी मृणाल घराबाहेर पडली तर पहिल्याच दारात स्नेहलकाकू दहीसाखर घेऊन उभ्या. शुभ कामाला निघालेल्याच्या हातावर दहीसाखर ठेवायची असते, ठीक आहे. पण पुढच्या दारातही दहीसाखर, समोरच्या दारातही दहीसाखर! एकीचं घ्यावं आणि दुसरीला नाही म्हणावं तर रुसवा. कुणाचं दही चमचाभर आणि साखर मूठभर. मुलाण्यांच्या घरी तर दह्याबरोबर शीरखुर्मा. त्यांचा साहिलही चाचणीला जाणार होता, पण त्याची आई कडक. तिनं त्याला आधी भाकरी आणि मटकीची उसळ खायला लावली होती आणि दही बोटभरच चाटवलं होतं.

सगळ्यांत मोठी वाटी मात्र आजोबांची. ती ते घरातूनच भरून घेऊन आले होते.

"आजोबा, आता नको. पोटात जागाच नाही."

"अगं, खा. पाटण्यांच्या हाताला साखर लागते! हात थरथरला तर सुकाणू कसं धरशील?"

ही पाटण्यांची घरगुती शेखी होती. नोकरीत असताना जेवणानंतर दोनेक तासांनी आजोबांचा हात थरथरायला लागायचा, घाम फुटायचा आणि ते ज्याच्या-त्याच्यावर खेकसायचे. खिशातला गुळाचा खडा तोंडात टाकला की पुन्हा हसरे. कामावरच्या लोकांनाही पाठ झालं होतं: साहेब तापले, गूळ द्या. कुणी काळजीनं विचारलंच तर आजोबा म्हणायचे, "माझी साखर कमी होते हो, वाढत नाही. मधुमेह माझ्या वाटेला यायचा नाही."

पुढे तो आला. तेव्हा आजोबांनी त्याचा दोष वयाला दिला आणि विषय मिटवला.

कालव्याच्या जुन्या दरवाजाच्या मोटारीपासून त्यांनी एक यंत्रमानव बनवला होता. नाव ठेवलं ठमी. चालताना पाय आपटायची म्हणून ठमी. आजोबांनी तिला पहिला नियम शिकवला तो हाच: हात थरथरताना दिसला की गूळ द्यायचा. ठमीच्या पोटात गुळाचा एक खास खण होता. अलीकडे मृणालचाही हात कधीकधी थरथरायचा, विशेषतः श्रीखंडाच्या जेवणानंतर. ठमी पाय आपटत यायची आणि खडा पुढे करायची. आजोबा कौतुकानं म्हणायचे, "माझीच नात शोभतेस!" किती सहज म्हणायचे ते.

तर त्या दिवशी ठमीला सोबत घेऊन मृणाल केंद्रावर पोचली. नंबर लागेपर्यंत बराच वेळ गेला. आधी तिला एकदम हुशारी वाटत होती. मग नाव पुकारलं गेलं, ती बनावट सुकाणूघरात जाऊन बसली, समोरच्या पडद्यावर कालवा दिसू लागला, आणि तिच्या मानेवर गार घाम आला. छाती धडधडू लागली. सुकाणूवरची बोटं थरथरायला लागली. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे साधं गणित डोक्यात शिरेना. पडद्यावरची टिटवी टेकडीला जाऊन धडकली.

चाचणीला बसणाऱ्या सगळ्या मुलांच्या दंडाला आदल्या दिवसापासूनच टिकलीएवढी पट्टी लावलेली होती. रक्तातली साखर ती सतत मोजायची. मृणालची पट्टी पिपाणीसारखी वाजू लागली. ठमीनं धावत येऊन गूळ दिला. परीक्षक कांबळेबाईंनी तिला धरून बाहेर आणलं आणि पायरीवर बसवलं.

"सकाळी काही खाल्लं होतंस का बाळा?"

"खूप खाल्लं होतं. नुसतं गोडच गोड."

"आणि साखर कमी? नवलच आहे," कांबळेबाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं होतं, पण नियम नियम होता. पुन्हा संधी पुढच्या वर्षीच. जागा साहिल मुलाणीला मिळाली आणि त्यानं ती खरोखर कमावली होती.

आजोबा कालव्याच्या काठावरच्या बाकावर वाट बघत बसले होते. ठमीच्या पायांचा आवाज त्यांनी लांबूनच ओळखला.

"काय गं? कधी निघतेय आमची टिटवी?"

मृणाल बाकापाशी येऊन थबकली. आजोबांना चेहरा दिसत नव्हता, पण थबकलेलं पाऊल ऐकू आलं. त्यांनी हात पुढे केला. ती त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं.

"वचन मोडलं मी," ती शेवटी म्हणाली.

"छे गं. हात थरथरला, त्याला तू काय करणार? पाटण्यांच्या हाताला..."

"पण आजोबा, साखर तर मी खाल्लीच होती की! वाटीभर खाल्ली. मग ती गेली कुठे?"

आजोबांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही. गूळ खाल्ला की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की विचारायचं राहून जायचं.

"त्या पट्टीनं काही रेघ काढली असेल ना? साखर कधी किती होती त्याची?"

"हो. पट्टीची खबर ठमीकडे येते, तिच्या पडद्यावर आहे."

"मला दिसणार नाही. माझ्या हातावर काढ."

मृणालनं त्यांचा तळहात उघडला आणि बोटानं रेघ काढायला सुरुवात केली. सकाळी रेघ सपाट होती. मग ती चढली, उंच, पार बोटांच्या मुळांपर्यंत. तिथून घसरली, सुरुवात केली होती त्याच्याही खाली गेली, मनगटाजवळ टेकली.

"पुन्हा काढ," आजोबा म्हणाले.

तिनं पुन्हा काढली. आजोबांचा चेहरा उतरत गेला.

"मृणाल, ही रेघ मी ओळखतो. साखरेची म्हणून नाही, पाण्याची म्हणून. आमचा पहिला दरवाजा बिघडला होता ना, तेव्हा कालव्यातल्या पाण्याची पातळी अगदी अशी चढली होती आणि अशीच पडली होती. चल, दाखवतो तुला. ठमे, अंगणातल्या टाकीत पाणी सोड!"

अंगणात त्यांचं जुनं प्रयोगाचं सामान होतं: वरून नळ, मध्ये काचेची टाकी, खाली एक छोटा दरवाजा आणि त्यापुढे मातीचे वाफे.

"हा नळ म्हणजे आपण खातो ते अन्न," आजोबा म्हणाले. "टाकी म्हणजे रक्त. पाणी म्हणजे साखर. आणि वाफे म्हणजे आपल्या पेशी (ज्यांनी आपलं शरीर बनलंय ते सूक्ष्म घटक). साखर रक्तात नुसती असून भागत नाही, पेशींत पोचावी लागते. ते काम करतं इन्शुलिन (साखरेला पेशींत शिरायला वाट करून देणारं रसायन). ते बनतं स्वादुपिंडात (जठराच्या मागे असलेली एक ग्रंथी). म्हणजे आपला दरवाजा कोण?"

"इन्शुलिन!"

"आणि तो उघडणारा पाटकरी म्हणजे स्वादुपिंड. ठमे, आज तू स्वादुपिंड हो. पाणी जरा चढलं की लगेच दरवाजा जरासा उघडायचा. उतरलं की मिटायचा."

मृणालनं नळ सोडला. पाणी थोडं चढलं, ठमीनं दरवाजा किलकिला केला. पाणी आणखी चढलं, तिनं आणखी उघडला. नळ बंद केल्यावर तीही मिटत गेली. टाकीतली पातळी जेमतेम हलली आणि सगळे वाफे भिजले.

"याला म्हणतात प्रत्याभरण (झाल्या कामाची खबर परत घेऊन पुढचं काम सुधारणं). निरोगी शरीरात हे दर जेवणाला होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आता दुसरा खेळ. ठमे, या वेळी तू आळशी पाटकरी. टाकी काठोकाठ भरेपर्यंत डुलक्या काढायच्या. मग दचकून जागं व्हायचं आणि दरवाजा सताड उघडायचा. मिटायचा मात्र रेंगाळत रेंगाळत."

"आळस मला शिकवलेला नाही," ठमी म्हणाली.

"आमच्याकडे बघून शीक."

या वेळी मृणालनं नळ पूर्ण सोडला, कारण नुसती साखर भाकरीसारखी सावकाश येत नाही, लोंढ्यानं येते. पाणी भराभर चढलं, काठावरून सांडायला लागलं. तेव्हा कुठे ठमीनं धाडकन दरवाजा उघडला. पाणी धो धो वाफ्यांत गेलं. मृणालनं नळ बंद केला, तरी दरवाजा उघडाच. बघता बघता टाकीचा तळ दिसायला लागला.

मृणाल टाळी वाजवून ओरडली, "नळ बंद झाला तरी दरवाजा उघडाच राहिला! म्हणून साखर कमी झाली! आजोबा, माझं इन्शुलिन उशिरा आलं, आणि घाबरून जास्त आलं!"

"बरोबर. खाल्लेली साखर संपत आली तरी ते साखर उपसतच राहिलं. मेंदूला साखर सतत लागते. ती कमी पडली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. घाम, धडधड, थरथर, सगळी त्या घंटेचीच लक्षणं. त्या वेळी गूळ द्यायचा हे ठमीचं बरोबरच आहे. तेव्हा माणसाला आधी सावरायलाच हवं." ते थांबले. "चूक त्याच्या पुढची. सावरल्यावर मी घंटा वाजल्याचं विसरून जायचो."

"पण साखर कमी होण्याचा आणि मधुमेहाचा काय संबंध? मधुमेहात तर साखर वाढते."

"मीही जन्मभर हेच म्हणत आलो, आणि तेही अभिमानानं. वाफ्यात हात घाल."

मृणालनं मातीत बोट खुपसलं. नुसता चिखल होता, वर पाणी तुंबलेलं.

"शेताला वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त पाणी दिलं की काय होतं, हे तुला ठाऊक आहे."

"क्षारपड होतं." कालव्याकाठच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. अती पाण्यानं मीठ वर येतं, जमीन पांढरी पडते आणि मग पाणी पिईनाशी होते.

"पेशींचंही काहीसं तसंच होतं. वारंवार साखरेचा आणि इन्शुलिनचा मारा झाला, वजन वाढलं, हिंडणंफिरणं कमी झालं, की त्या इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी जोर लावतं. बिचारं झिजत जातं. एक दिवस दरवाजा पुरेसा उघडतच नाही आणि टाकी कायमची तुडुंब राहते. तो मधुमेह. आणि काहींच्या बाबतीत हा दरवाजा उशिरा उघडायला लागतो तो त्याच्या कितीतरी वर्षं आधी."

मृणालला पुढचं विचारवत नव्हतं, तरी तिनं विचारलं. "म्हणजे तुमचा हात थरथरायचा, तेव्हाच..."

"तेव्हाच कळू शकलं असतं." आजोबांनी टाकीच्या काचेवर हात ठेवला. "दरवाजा उशिरा उघडतो आणि मग अती उघडतो, हा दोष शोधण्यात मी सगळी नोकरी घालवली गं. या कालव्यावरचा असा एकेक दरवाजा मी दुरुस्त केला. आणि तोच दोष माझ्या अंगात असताना मी खिशात गूळ घेऊन हिंडलो. वर त्याची शेखी मिरवली. एकदा जरी स्वतःला विचारलं असतं, तर कदाचित आज मीच तुला टिटवी दाखवली असती. आणि तुझा हात थरथरला तेव्हा तरी शहाणं व्हायचं! मी काय म्हणालो? माझीच नात शोभतेस. आज सकाळी सगळ्यांत मोठी वाटी माझी होती."

मृणालला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्यापेक्षा वाईटच जास्त वाटलं, आणि ती त्यांना बिलगून बसली. ठमी खण उघडावा की नाही, या विचारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आईनं मृणालला आरोग्यकेंद्रात नेलं. डॉक्टर तहसीनबाईंनी रक्त तपासलं, पट्टीची रेघ नीट पाहिली आणि त्या हसून म्हणाल्या, "घाबरू नकोस. अशी थरथर होणाऱ्या प्रत्येकाला मधुमेह होतो असं नाही, आणि तुला तो झालेला नाही. पण घरात आहे, म्हणून आपण लक्ष ठेवायचं. उपाशीपोटी गोड नको. आधी भाकरी, उसळ, भाजी, आणि गोड हवंच तर जेवणाबरोबर थोडंसं. पळायचं, खेळायचं. दरवर्षी येऊन भेटायचं. तू खूप लवकर विचारलंस, हे फार चांगलं झालं."

'लवकर' हा शब्द मृणालनं घरी येऊन आजोबांना सांगितला, तेव्हा त्यांनी तो दोनदा म्हणायला लावला.

वसाहतीत मग दहीसाखरेची सभाच भरली. स्नेहलकाकू सगळ्यांत जास्त रडल्या. ठरलं असं, की शुभ कामाला निघालेल्या मुलाला सगळ्या घरांचं मिळून एकच बोट दहीसाखर, तीही न्याहारीनंतर. आणि मृणालनं ठमीचा पहिला नियम बदलला. तिनं तो मोडला नाही, फक्त त्यात थोडी भर घातली: हात थरथरताना दिसला की पट्टी बघ, साखर कमी असेल तर गूळ दे, आणि दर वेळी 'का?' असं विचार.

टिटवी आली त्या दिवशी आजोबा आणि मृणाल बाकावर बसले होते. आधी पंख्यांची घरघर ऐकू आली. आजोबांनी मान वर केली.

"सांग," ते म्हणाले.

"पोट रुपेरी आहे, आणि शेपटीला लाल पट्टा. कालव्याच्या बरोबर वर आहे. सावली पाण्यात पडलीय. खिडकीत साहिल आहे. सुकाणू त्याच्याच हातात दिसतंय. अजिबात डुगडुगत नाहीये."

"आणि वरून कालवा कसा दिसत असेल?"

मृणाल टिटवीकडे बघत राहिली. "ते मला नाही सांगता येणार आजोबा. मी खालीच आहे."

आजोबांनी मान हलवली. टिटवी डोक्यावरून पुढे गेली, घरघर कमी होत गेली. मांडीवर ठेवलेला त्यांचा हात थरथरत होता. ठमीला तो दिसला. ती पाय आपटत आली आणि आता आजोबांच्याही दंडावर असलेल्या पट्टीकडे बघून म्हणाली, "साखर ठीक आहे. आजोबा, हात का थरथरतोय?"

हा प्रश्न किती साधा होता आणि किती वर्षांनी आला होता!

"याला गुळाचा उपयोग नाही, ठमे," ते म्हणाले. "पण विचारलंस ते बरं केलंस. असंच विचारत जा. हिला तर नक्की विचारत जा."

मृणालनं त्यांचा तो हात आपल्या हातात घेतला आणि उघडला. तळहातावर बोट ठेवलं, पण रेघ काढली नाही.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "वरून बघून आले की इथे कालवा काढीन. धरणापासून शेवटच्या गावापर्यंत."

आजोबांनी मूठ मिटली. तिचं बोट आतच राहिलं.